पोस्टमास्तर दादू

[दृश्य : कौलारू घराची पडवी. भिंतीत पक्की केलेली लोखंडी पेटी. टेबलावर तारखेचा ठसा.]

घरात ते दादू, म्हणजे बंगालीत आजोबा; गावात पोस्टमास्तर. मुलचेरा तालुक्यातल्या या बंगाली वसाहतीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

1964 साली पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि असंख्य कुटुंबं सीमा ओलांडून आली. त्यातल्या अनेकांना रायपूरजवळच्या माना छावणीतून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवलं. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो फार नंतर, 1982 मध्ये. दादूंच्या हाती तेव्हा होता फक्त छावणीचा कागद. रेशन, जमीन, नाव, सगळं त्या एका कागदावर. त्याची शाई फिकी पडली तर काय होतं, हे त्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं होतं.

पुढे शाखा डाकघर त्यांच्या पडवीत आलं. जागा स्वतःची, काम दिवसाचे काही तास, पगाराऐवजी भत्ता. पोटासाठी दुसरं साधन हवं, ही अटच होती. म्हणून धानाची बांदी, म्हणजे भाताचं खाचर, सुटली नाही. पासष्टीपर्यंत राबायचं आणि पेन्शन नाही. खेड्यापाड्यांतलं टपाल याच माणसांनी ओढलं. त्यांच्यावर झालेला हा अन्यायच आहे.

[दृश्य : थैली, सुतळी, लाख.]

सकाळचं पहिलं काम ठशाची तारीख बदलण्याचं. बदलली की आधी वहीत उमटवून बघायची. घाईत कालचीच तारीख राहिली, तर दिवसभराचं सगळं टपाल खोटं ठरतं.

मग टपालाची थैली. आधी गाठीवरची लाख तपासायची, नंतर सुतळी कापायची. तीही अशी, की लाखेचा शिक्का शाबूत राहील. आत रक्कम कमी निघाली, तर तोच शिक्का पुरावा. लाख फुटलेली दिसली, तर थैली एकट्यानं उघडायची नाही, साक्षीदार बोलवायचा. पावसाळ्यात नाले चढले, की थैली पलीकडच्या काठावर अडकायची.

मनीऑर्डरीचा घोळ वेगळाच. फॉर्म यायचा, पण पेटीत तेवढी रोकड नसायची. शाखेत किती रक्कम ठेवायची याची मर्यादा ठरलेली. जास्त लागली तर दैनिक हिशेबात मागणी लिहायची आणि पुढच्या थैलीची वाट बघायची. दारात बसलेल्या म्हातारीला हे पटवणं सगळ्यात अवघड. पैसे घेणाऱ्याला सही येत नसेल, तर अंगठा घ्यायचा, आणि शेजारी लिहिता येणाऱ्या बाहेरच्या माणसाची साक्ष. पोस्टातला माणूस साक्षीदार चालत नाही. दादू त्यासाठी शाळेतल्या गुरुजींना थांबवून ठेवत. अंगठ्याला शाई थोडीच लावत. जास्त झाली तर रेषा बुजतात, नुसता डाग उरतो.

पत्ते वाचणं ही त्यांची खरी विद्या. पश्चिम बंगालमधून येणारी काही पत्रं फक्त बांगला लिपीत असत. मंडल, विश्वास, हलदार, सरकार ही आडनावं तर घरोघरी. एकाच नावाचे तिघे असले, की दादू बापाचं नाव विचारत, मग पूर्व बंगालातलं मूळ गाव. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला, तेव्हा त्यांनी दारोदार जाऊन तो लोकांच्या वह्यांत लिहून दिला.

[दृश्य : ट्रंकेतली जुनी पाकिटं.]

नमशूद्र या बंगाली जातीच्या इथल्या लोकांची अडचण अजून सुटलेली नाही. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. राहण्याचा पुरावा मागितला, की लोक ट्रंका उघडतात. आत जुनी पाकिटं असतात, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दादू ठसा तिरपा मारत नसत. आधी शाईची गादी बोटानं चाचपत, मग ठसा सरळ दाबत, क्षणभर धरत आणि तसाच वर उचलत. डाकघराचं नाव, तारीख, महिना, साल, चारही आज वाचता येतात.