हरलेला माणूस कुठे परत जातो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘संपत्ती आणि लोकशाही : प्रा. लिप्सेट यांची मांडणी’. त्या मांडणीकडे मी येणारच आहे. पण हा माणूस ज्या घरातून आला ते घर आधी तुम्हाला दाखवते, कारण मला त्यात माझं घर दिसतं.

सेमूर मार्टिन लिप्सेट, अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ. मित्रमंडळींत मार्टी. जन्म १८ मार्च १९२२, न्यू यॉर्कच्या हार्लेममधला. वाढले ब्राँक्समध्ये. आईवडील रशियातून आलेले ज्यू. आई शिवणकाम करायची, वडील छापखान्यात कामाला. घरच्यांचा आग्रह होता की पोराने दातांचा डॉक्टर व्हावं, आणि सिटी कॉलेजात त्यांचं नाव घातलं गेलं ते त्यासाठीच. मला तो आग्रह समजतो. देश सोडून आलेल्या घराला पोराच्या हाती असं काम हवं असतं, की उद्या पुन्हा गाशा गुंडाळावा लागला तरी पोट भरेल. दात काय, सगळ्याच देशांत दुखतात.

सिटी कॉलेजला फी नव्हती. त्यामुळे परदेशातून आलेल्या गरिबांची हुशार मुलं तिथे गोळा व्हायची. खालच्या उपाहारगृहात भिंतीलगत कोनाडे होते, आणि एकेका कोनाड्यात एकेका मताची टोळी. एक नंबरात स्टालिनला विरोध करणारे डावे, दोन नंबरात स्टालिनचे पाठीराखे. लिप्सेट एक नंबरातले. डॅनियल बेल, आयर्विंग हाऊ, आयर्विंग क्रिस्टल, नेथन ग्लेझर ही पुढे विचारवंत म्हणून गाजलेली सगळी त्या एका कोनाड्यातली मंडळी. पुढे एकेकाची वाट वेगळी झाली, काही तर पार उलट्या टोकाला गेले. पण डबा खाताखाता वाद घालायची सवय कोणाची सुटली नाही. दातांचं शिक्षण अर्थातच मागे पडलं. १९४९ मध्ये कोलंबियाची डॉक्टरेट, मग टोरांटो, कोलंबिया, बर्कली, हार्वर्ड, स्टॅनफर्ड. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अशा दोन्ही राष्ट्रीय संघटनांचं अध्यक्षपद मिळालेला हा एकटा माणूस. ३१ डिसेंबर २००६ ला गेले.

आता छापखाना.

माझे बाबा भंडाऱ्याकडच्या पवनीचे. घरात माग होता. तो बसला तेव्हा सोळाव्या वर्षी बाबा नागपुरात आले आणि महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर झाले, म्हणजे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवून ओळी लावणारे. तिथे सकाळचं दैनिक निघायचं, म्हणून काम बहुतेक रात्रीचं. खिळे उलटे असतात हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. अक्षर आरशातल्यासारखं, आणि स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, ओळ लावायची ती खालचं वर धरून. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. चाळीस वर्षं हे केलेल्या माणसाला उलटं-सुलटं असं काही उरत नाही. आम्ही जेवायला समोरासमोर बसलो आणि माझ्यापुढे पुस्तक असलं, तर बाबा पलीकडून माझ्याआधी पान वाचून संपवायचे.

पासष्ट साली बोनसचा कायदा आला. किमान चार टक्के. दोनेक वर्षांनी बोनसची बोलणी व्हायची होती आणि बाबा कामगार युनियनचे सचिव होते. मालक म्हणाले, चारच्या वर एक पैसा परवडत नाही. त्यांच्यापुढे टेबलावर एक चिठ्ठी होती, मुनीमजींनी लिहून दिलेली. बाबा समोर बसलेले. चिठ्ठी त्यांच्या बाजूने उलटी होती, म्हणजे त्यांच्यासाठी सुलटीच. तिच्यावर लिहिलं होतं, ‘सहापर्यंत हरकत नाही.’ बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “सहा.” मालक बराच वेळ बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत सहावर सह्या झाल्या.

इथवरची गोष्ट मी कॉलेजात अनेकदा सांगितली आहे. पोरं टाळ्या वाजवायची. तिचा पुढचा भाग मात्र आज सांगते.

रविवारी युनियनची सभा होती. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, मी नऊ-दहा वर्षांची. चिठ्ठी कशी वाचली ते बाबांनी रंगवून सांगितलं. सगळे हसले. मग त्यांच्याच पाळीतले एक काका उठले. बाबांच्या शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, ते वीस वर्षं उभे राहत आलेले. ते म्हणाले, “दुसऱ्याची चिठ्ठी वाचनं चांगलं नाही. आन वाचलीच होती त मंग आठ काहून नाही मांगितले? मालक सहावर तयारच होता, तू त त्याच्याच मनासारखं केलं.” या दोन आक्षेपांचा एकमेकांशी मेळ नव्हता, पण दोन्ही खरे होते. दीड तास भांडण झालं. पुढच्या निवडणुकीत हेच काका बाबांच्या विरोधात उभे राहिले आणि बाबा अकरा मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, “बाबा, तुम्ही हरले?” बाबा दाढी करत होते. “हौ, हारलो. मंग? आज खिळे कोन जुळवन?” रात्री ते कामावर गेले आणि त्याच केससमोर, त्याच काकांच्या शेजारी उभे राहिले. आठवड्याभरात काकांनी मालकाला द्यायचं पत्र त्यांच्याकडूनच लिहून घेतलं, कारण बाबांचं मराठी चांगलं होतं. पहाटे काम सुटलं की दोघं बडकस चौकात एकत्र चहा प्यायचे. दोन वर्षांनी बाबा पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले.

एम.ए.ला असताना ग्रंथालयात माझ्या हाती ‘युनियन डेमॉक्रसी’ लागलं. लिप्सेट यांनी मार्टिन ट्रो आणि जेम्स कोलमन यांच्याबरोबर लिहिलेलं, १९५६ चं. त्याच सुमारास कळलं की लिप्सेट यांचे वडील मुद्रकांच्या संघटनेचे आयुष्यभराचे सभासद होते. घरात युनियनच्याच गप्पा चालायच्या, आणि लहानपणी मार्टी वडिलांबरोबर सभांनाही गेला होता. मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्या पुस्तकाचा प्रश्न असा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये सांगून ठेवलं होतं की संघटना कितीही लोकशाहीवादी असो, शेवटी ती मूठभरांच्या हाती जाते. याला त्यांनी पोलादी नियम म्हटलं. मग अमेरिकेतल्या मुद्रकांच्या संघटनेत पिढ्यान् पिढ्या दोन पक्ष कसे टिकले? नेते निवडणुकीत पडत कसे होते? उत्तर शोधायला लिप्सेट संघटनेच्या घटनेतल्या कलमांपाशी थांबले नाहीत. ते रात्रपाळीपाशी गेले. रात्री काम करणाऱ्याचा मोकळा वेळ इतरांशी जुळत नाही, म्हणून मुद्रक मुद्रकांशीच मैत्री करतात, त्यांचे क्लब होतात, खेळाचे संघ होतात. तिथे माणसं वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बोलायला, बाजू घ्यायला, सभा चालवायला शिकतात. आणि दुसरं, मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते : पदाधिकारी आणि साधा मुद्रक यांच्या पगारात आणि मानात फार अंतर नव्हतं. पडलेला नेता पुन्हा छापखान्यात कामाला जाऊ शकत होता. खाण कामगारांच्या संघटनेत पडलेल्या नेत्याला परत खाणीत उतरावं लागायचं, म्हणून तो पडायलाच तयार नसायचा.

इथे मला एक दुखणं सांगायचंय. संस्थेचं नाव घेणार नाही. या शहरातल्या एका जुन्या संस्थेची मी आजीव सभासद आहे. तिथली कार्यकारिणी बावीस वर्षं बिनविरोध निवडून येत होती आणि अहवालात दरवेळी ते अभिमानाने छापलं जायचं. मी अर्ज भरला. तीन सज्जन घरी आले. चहा घेतला, माझ्या पुस्तकांची चौकशी केली आणि म्हणाले, “मॅडम, आपली बिनविरोधाची परंपरा आहे. तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सांगायला आलो.” मी अर्ज मागे घेतला नाही. मी पडले, ते ठीकच. पण त्यानंतर कार्यक्रमांच्या पत्रिका येणं बंद झालं. ज्या समितीत मी दहा वर्षं काम केलं, तिच्या बैठकीचा निरोप येईना. एका जुन्या मैत्रिणीने रस्त्यात मला पाहून पलीकडची बाजू धरली. बाबा हरले तेव्हा त्यांची जागा केससमोर तशीच होती. माझी काढून घेतली गेली. याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे बिनविरोध हा शब्द कौतुकाचा झालाय. ग्रामपंचायत बिनविरोध करा, गावाला निधी देतो, असं आमदार जाहीर करतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली, कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता. बोली लागली की बिनविरोध आपोआपच होतं. गावात भांडणं नकोत, ही भावना मी समजू शकते. पण त्या रविवारी दीड तास भांडण झालं नसतं, तर बाबा आणि काका पहाटेचा चहा एकत्र प्यायले असते का, हे मला खरंच सांगता येत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं. बरं, आता पत्रिकेवरचा विषय.

लिप्सेट यांचा गाजलेला लेख १९५९ चा. उत्पन्न, उद्योग, शहरं, शिक्षण या मोजमापांवर त्यांनी देश ताडून पाहिले आणि म्हटलं की देश जितका सुस्थितीत, तितकी लोकशाही टिकण्याची शक्यता जास्त. शक्यता, हा शब्द सोडू नका. त्यात त्यांनी आणखी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. राज्यकारभार कामाचा आहे का, ही एक. लोकांना तो आपला, रास्त वाटतो का, ही दुसरी. दुसरी भक्कम असेल तर पहिली डगमगली तरी व्यवस्था तग धरते.

या मापाने भारत बसतच नव्हता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच सुमारास आपण १७ कोटींहून अधिक मतदारांची निवडणूक घेतली. टीकाकार म्हणतात, भारताने सिद्धान्त खोडला. मी म्हणते, उत्तर लिप्सेट यांच्याच तीन वर्षं आधीच्या पुस्तकात, ‘युनियन डेमॉक्रसी’त होतं. १९७७ मध्ये इंदिराबाई स्वतः रायबरेलीतून पडल्या, पायउतार झाल्या आणि १९८० मध्ये निवडून परत आल्या. पडलेल्याला परतीची वाट होती. ती वाट गावोगावच्या संस्थांत, युनियनमध्ये, सहकारी सोसायट्यांत तयार झाली असणार, आणि ती आता तिथेच बुजतेय अशी माझी भीती आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर लिप्सेट यांनी पहिलं पुस्तक लिहिलं, १९५० मध्ये. त्यांच्या सहकारी संघाची आपल्याकडच्या जुन्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेशी तुलना करायची होती. तो संघ शेतकऱ्यांचा होता, आपली योजना सरकारची, इतकंच सांगते. वेळ नाही.

बाबासाहेबांविषयी मात्र बोलल्याशिवाय बसणार नाही. १९५२ च्या जानेवारीत ते मुंबईत लोकसभेची निवडणूक हरले. जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तेव्हा लिप्सेट तिथेच शिकवत होते. १९५४ मध्ये बाबासाहेब इथे शेजारी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. माझे आजोबा तेव्हा पवनीचे मतदार. मत कोणाला दिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण तो विषय निघाला की उठून अंगणात जायचे. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं. भंडाऱ्यात हरल्यावर हा माणूस आपल्या लोकांत परत गेला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, तो या शहरात आला. दीक्षाभूमीवर काय झालं ते तुम्हाला मी काय सांगू.

बाबांच्या छापखान्यातले खिळे पुढे वजनावर विकले गेले. अमेरिकेतली मुद्रकांची ती संघटनाही १९८६ च्या अखेरीस दुसऱ्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. काका आणि बाबा दोघेही आता नाहीत.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. त्या संस्थेची निवडणूक पुन्हा लागली आहे आणि माझा अर्ज याही वेळी असेल. अर्जावर एक सूचक लागतो, एक अनुमोदक. मागच्या वेळी अनुमोदक मिळवायला मला नऊ घरं फिरावी लागली. तुमच्यापैकी निम्मे तिथले सभासद आहात. अर्ज माझ्या पिशवीत आहे, पेनही आहे. चहाच्या वेळी मी खिडकीपाशी बसेन.