टोकियोहून काय आणलंस?

(दृश्य: आसाकुसा, कामिनारिमोनचा लाल कंदील, सकाळची गर्दी)

तर हा आसाकुसाचा तो फेमस लाल कंदील, आणि इथून सेन्सोजी देवळापर्यंत जो अडीचशे मीटरचा रस्ता जातो ना, नाकामिसे, त्यात दोन्ही बाजूंनी नुसती दुकानंच दुकानं. आपल्याकडे देवळाबाहेर असतात तशीच, फक्त इथे "या ताई, बघून तर जा" असं कुणी ओरडत नाही. पंखे, हात वर केलेल्या मांजरी, बाहुल्या, मॅग्नेट. मी पहिल्याच दिवशी इथून 4 मॅग्नेट घेतले, आणि रात्री हॉटेलवर यादी काढली तर अजून 19 जण बाकी. प्रत्येकाच्या फ्रिजवर टोकियो टॉवर चिकटवायचा तर माझं बजेट तिथेच आटोपलं असतं, आणि खरं सांगू का, मलाच कुणी मॅग्नेट दिला की तो कुठे जातो मला माहितीये.

(दृश्य: शंभर येनच्या दुकानातले रॅक)

म्हणून दुसऱ्या दिवशी वाटच बदलली. हे शंभर येनचं दुकान, दाइसो वगैरे नावं तुम्ही ऐकली असतील. पाटीवर 100 लिहिलेलं असतं पण बिलात 110 होतात, वरून 10 टक्के टॅक्स, म्हणजे आपले साठेक रुपये धरा. इथे पर्यटक कमी आणि ऑफिसातून घरी निघालेल्या बायका, शाळेची पोरं जास्त. भाताचे त्रिकोणी गोळे करायचे साचे, आलं किसायच्या तळहाताएवढ्या किसण्या, चॉपस्टिक ठेवायचे इवलेसे स्टँड. मी फक्त बघायला म्हणून गेले होते आणि टोपली भरून बाहेर आले, काकूसाठी किसणी, मामीसाठी किसणी, शेजारच्या आजींसाठीपण किसणीच, कारण चांगली वस्तू सापडली की आपण डझनानेच घेतो.

भाच्याला खोडता येणारी पेनं घेतली. त्यातली शाई घासून गरम झाली की दिसेनाशी होते, तीच तर गंमत. आता हे साहेब नागपूरला राहतात. मे महिन्यात वही गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली आणि अख्खा गृहपाठ गायब! मग कुणीतरी सांगितलं म्हणून वही फ्रीझरमध्ये ठेवली, तर अक्षरं फिकट फिकट का होईना परत आली. मावशीने जादूचं पेन आणलं म्हणून माझा भाव वधारला.

(दृश्य: सुपरमार्केट, मसाल्यांचा कप्पा)

पण खरी खरेदी म्हणाल तर सुपरमार्केटमध्ये. खाण्याच्या वस्तूंवर टॅक्स 8 टक्केच, आणि पाकिटं हलकी. हे बघा, फुरिकाके. गरम भातावर भुरभुरायचं, तीळ, समुद्री शेवाळ, मीठ वगैरे. मला तर ते त्यांचं मेतकूटच वाटलं आणि मी 6 पाकिटं उचलली, तेवढ्यात तिथल्या एका बाईंनी पाकिटावरचा मासा बोटाने दाखवला. बऱ्याच प्रकारांत सुकवलेला मासा असतो हो! म्हणजे मेतकूट कमी आणि सुक्या बोंबलाची चटणी जास्त. आमच्या अर्ध्या घराला चालतं, अर्ध्या घराला चतुर्थी असते. तर फोनच्या कॅमेऱ्याने पाकीट ट्रान्सलेट करून मगच घ्या, आणि सॉसच्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत काढून घेतील.

जपानी लोक स्वतः फिरायला गेले की ऑफिससाठी मिठाईचा बॉक्स आणतात, त्याला म्हणतात ओमियागे. बॉक्सवर किती नग ते लिहिलेलं असतं आणि आतला प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला, म्हणजे माणसं मोजायची आणि बॉक्स उचलायचा. कुणाला अर्धा तुकडा नको, कुणाला दोन नकोत. आपला खाऊच हा, फक्त हिशोबातला.

(दृश्य: दुकानात टांगलेली निळी-पांढरी कापडं, जवळून)

आणि आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू. तेनुगुई. सुती कापड, साधारण 35 सेंटीमीटर रुंद, 90 लांब. हात पुसा, डोक्याला बांधा, डबा गुंडाळा, काहीही करा. नीट बघा, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच आहे, कारण हे छापलेलं नाही, कापडाच्या घड्या घालून त्यांतून रंग ओततात, तो आरपार जातो. स्वस्तातली छापील पण मिळतात, ती मागून फिकी असतात. मी बाबांसाठी निळ्या लाटांचं घेतलं, हजारेक येनचं, यादीतलं सगळ्यात महाग.

(दृश्य: ठाणे, घरचं स्वयंपाकघर)

आईने घडी उलगडली आणि पहिलं वाक्य, "अगं, फसवलं तुला, कडेला टीपच नाहीये, धागे सुटतायत." मी म्हटलं आई, ते मुद्दामच तसं ठेवतात, टीप नसली की कडेला पाणी साचत नाही, लवकर वाळतं, आणि पूर्वी वेळ पडली तर टर्रकन फाडून जखमेला बांधायचे. थोडे धागे निघतात, मग थांबतं. बाबा शांतपणे ते खांद्यावर टाकून म्हणाले, "पंचाच आहे की हा."

बाबांकडे तो पंचा दोन दिवस टिकला. आईने रंग जातोय का बघायला दोनदा भिजवून वाळवला, आणि पाडव्याच्या आदल्या रात्री, हे बघा, नळाला टांगलेल्या निळ्या लाटा, आत दोन किलो दही, खाली पातेल्यात टपटप पाणी. सकाळी चक्का एकदम घट्ट निघाला. बाबांनी विचारलं, "माझा पंचा?" तर आई म्हणाली, "पुढच्या वेळी दोन आणायला सांगा तिला."