तीन डाएट, एक चूल

पत्रिकेत विषय छापलाय ‘लोकप्रिय आहारपद्धती आणि आरोग्यावर परिणाम’. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी तुम्हाला माझ्या माहेरी नेते. गाव बेळगावजवळच्या उचगावच्या पलीकडे, तांबड्या मातीचं. भात पिकतो आणि रताळी. इथल्या निम्म्या मंडळींनी लहानपणी चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं खाल्लं असेल. उपासाला साबुदाण्याऐवजी रताळं उकडून खा, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. रताळ्यात तंतू आहेत, आणि भाजल्यापेक्षा उकडलेल्यानं साखर सावकाश चढते. असो, माहेरी जाऊ या.

भाऊबीजेला गेले होते. सकाळी नऊची वेळ, वहिनी काठवटीत जोंधळ्याचं पीठ मळतायत. दादाला साखर आहे. त्यानं फोनवर कुणाचं तरी ऐकून दोनच वेळा जेवायचं धरलं होतं, दुपारी बाराला आणि रात्री आठला. पुतण्या पुण्याहून आलेला, तो किटोवर, म्हणजे पिष्ट जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर. त्याला अंडी, पनीर, लोणी चालतं. भाकरी नको, आमटीसुद्धा नको. आईचे दात गेलेत, तिला गुरगुट्या भात. एका शेगडीवर तवा, दुसरीवर ऑम्लेट, मागं भात. मी म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही काय खाल्लं?’ तर म्हणाल्या, ‘वन्सं, तिघांची तीन जेवणं होऊ देत की, माझं चौथं बघू मग.’ साडेबाराला त्या ओट्याशी उभ्यानंच जेवल्या. गार भाकरी, ऑम्लेटचा उरलेला तुकडा आणि पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड. त्यांची स्वतःची साखर कधी तपासली होती, विचारलं. धाकट्याच्या बाळंतपणात, म्हणाल्या. तो आता कॉलेजात आहे.

हे माझ्या मनातून जात नाही. डाएट कोण पाळतो याची घरात चर्चा होते. रांधतं कोण, याची होत नाही.

दुसऱ्या दिवशीचं ऐका. दादानं सकाळी सातला साखरेची गोळी घेतली आणि रताळी काढायला मळ्यात गेला. जेवण बाराला. अकराच्या सुमारास गडी त्याला धरून घेऊन आला. अंगातला सदरा घामानं भिजलेला, हात थरथरतायत, बोलणं जड झालेलं. घरातल्या यंत्रावर साखर आली ४८. वहिनींनी डब्यातली साखर पाण्यात ढवळली आणि वाटी त्याच्या ओठाला लावली. पंधरा मिनिटांनी त्याला आमची नावं सांगता आली. झालं होतं असं, की काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका. सगळ्या गोळ्या तशा नसतात. नुसत्या मेटफॉर्मिननं, म्हणजे साखरेच्या नेहमीच्या गोळीनं, असं सहसा होत नाही. पण दादाच्या चिठ्ठीत दोन्ही होत्या आणि जेवणाच्या वेळा बदलल्याचं आम्ही कुणी डॉक्टरांना कळवलंच नव्हतं.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आलीय. तर तुलना भरभर सांगते.

किटो. १९२१ साली अमेरिकेत हा आहार अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला, आणि मुलांच्या, औषधांना न जुमानणाऱ्या फिट्सवर तो आजही वापरतात. वजन लवकर उतरतं, सुरुवातीला त्यात पाणीच बरंचसं असतं. काहींचं वाईट कोलेस्टेरॉल मात्र चांगलंच वाढतं.

कमी पिष्ट की कमी चरबी? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१८ साली निकाल आला. एका गटाचं सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. म्हणजे फरक नाहीच. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितली होती: साखर-मैदा कमी करा, भाज्या वाढवा, शक्यतो घरी शिजवलेलं खा.

वेळ बांधून खाणं. चीनमध्ये २०२२ साली १३९ जणांचा अभ्यास झाला. सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाणारे आणि दिवसभरात तेवढेच उष्मांक खाणारे, वर्षाअखेर दोघांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता.

रक्तदाबासाठीचा डॅश आहार १९९७चा. फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध-दही. रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११ नं उतरला. पण त्या प्रयोगात सगळं जेवण संशोधकांनी शिजवून दिलं होतं! स्पेनच्या भूमध्य आहाराच्या अभ्यासात एका गटाला घरटी आठवड्याला लिटरभर ऑलिव्ह तेल फुकट मिळायचं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ज्या गटातल्या निम्म्याजवळ लोकांचा मधुमेह वर्षभरात मागं हटला, त्या गटाला जेवणाऐवजी तयार पावडरी दिल्या होत्या, आणि गोळ्या पहिल्या दिवशीच देखरेखीखाली थांबवल्या होत्या. आपल्याकडे हे सगळं काम वहिनीच्या माथी येतं.

म्हणून माझं म्हणणं, घरात एकच ताट करा आणि तेच बदला. जोंधळ्यात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. खानापूरकडच्यांनी भात सोडू नये, पण निम्मा करावा. पावट्याची नाहीतर मटकीची उसळ दुप्पट, भाजी भरपूर, कारळ्याची चटणी चमचाभर. आईला तीच भाकरी आमटीत कुस्करून द्या. पुतण्यानं किटो करायचंच असेल तर स्वतःचं ऑम्लेट स्वतः करावं. ते त्यानं आता सुरू केलंय. आणि वहिनींची साखर मी मागच्या महिन्यात तपासून घेतली. उपाशीपोटीची ११८ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि जेवणाच्या वेळा बदलायच्या मनात आहेत, त्यांनी लगेच जाऊ नका. मी इथंच बसलेय. गोळ्यांची नावं आणि वेळा कागदावर लिहून देते, तो कागद आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.