पावणेतीनचा लसूण

(दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. ओट्यावर झिरोचा दिवा. स्टीलच्या ताटलीत लसणाच्या पाकळ्या, शेजारी सालींचा ढीग.)

रात्रीचे पावणेतीन. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर एक बाई लसूण सोलत बसलीये. ती मी. उद्या घरात कार्य नाही, पाहुणे नाहीत, लोणचं घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सोलतेय.

तसं त्यांनी लसूण म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, झोप येत नसेल तर पडून राहायचं नाही, उठायचं आणि मंद उजेडात काहीतरी रटाळ करत बसायचं. रटाळ काय, ते माझं मी ठरवलं. पुस्तक वाचून पाहिलं, पण मग पुढे काय झालं म्हणून मी चारपर्यंत वाचत बसते. लसणाचं पुढे काही होत नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, याची फी किती घेतली तिने?"

(दृश्य: खिडकीतून रूळ. लांबून येणारी मालगाडी.)

आमच्या घरापासून रूळ लांब नाहीत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, त्यामुळे गाडीच्या आवाजाची तक्रार इथे कोणी मनावर घेत नाही. शेवटची लोकल गेली की मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या. चारच्या सुमारास पुन्हा लोकल. मधल्या वेळात समोरच्या पुनर्विकासाच्या इमारतीचा वॉचमन तंबाखू मळतो ती टाळी ऐकू येते. कुत्री आधी कुठल्या गल्लीत भुंकतात आणि मग कुठल्या, दुधाचे क्रेट किती वाजता आपटतात, सगळं मला पाठ आहे. चार वर्षांचा अभ्यास आहे. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर सगळे हौसेने जागतात, दुसऱ्या दिवशी जांभया देत कौतुकाने सांगतात. मी मसाला दूध पिऊन खाली यायचे आणि माझी नेहमीची रात्रपाळी सुरू करायचे.

शेजारी नवरा. पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला ढाराढूर. माणूस चांगला आहे. पण रात्री दोन वाजता त्याच्या त्या सुखी चेहऱ्याचा इतका राग यायचा, की उशी उचलून... असो.

(दृश्य: उशीखाली ठेवलेला फोन. पडदा बंद.)

सुरुवात कशी झाली, ते नेमकं सांगता येतं. बाबा अडीच महिने हॉस्पिटलात होते, त्यातले बरेच दिवस आयसीयूत. रात्री फोन कधीही यायचा. रक्त आणा, सही करायला या, हे इंजेक्शन इथे मिळत नाहीये. मी फोन उशीखाली ठेवून झोपायचे, म्हणजे थरथरला तरी कळावा. बाबा गेले. फोन उशीखालून निघाला. कान मात्र तिथेच राहिला.

मग सुरू झाले उपाय. आईने दुधात जायफळ उगाळून दिलं. खीर त्याने नक्की चांगली होते. काशाच्या वाटीने तळपाय घासले, तेही आईनेच, आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला फार बरं वाटायचं. पण ती वाटी ठेवून स्वतः झोपायला गेली की माझे डोळे टक्क उघडे. मोबाइलवर पावसाचा आवाज लावला. ठाण्यात, जुलैमध्ये. बाहेर खरा कोसळत असताना.

आणि रोज लवकर अंथरुणाला पाठ लावायला लागले. काल झोप झाली नाही, तर आज साडेनऊलाच पडू. रविवारी दहापर्यंत लोळू. यात काही चुकतंय असं कोणाला वाटेल?

(दृश्य: गोळ्यांची पट्टी. घड्या पडून फाटत आलेली चिठ्ठी.)

मग गोळी. एका डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली होती, मन शांत करून झोप आणणारी, पण सवय लागणारी गोळी. मी दीड वर्ष घेतली, त्याच चिठ्ठीवर. घड्या पडून पडून ती चिठ्ठी चार तुकड्यांत आली होती, मी चिकटपट्टी लावली. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी बघून, वहीत नोंद करून द्यायचं, ती वही तीन वर्षं जपायची, असा 2014 पासूनचा नियम आहे. माझ्या ओळखीच्या दुकानात "नेहमीचंच ना वहिनी?" एवढीच नोंद व्हायची. आधी अर्धी पुरायची, मग एक, मग एकीनेही भागेना. एकदा सुट्टीत गावाला पट्टी न्यायला विसरले तेव्हा तीन रात्री जे झालं, ते बघून नवरा म्हणाला, "आता मानसोपचारवाल्यांना दाखवू या."

ठाण्याच्या माणसाला हे वाक्य सोपं नाही. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. कोणी जरा वेड्यासारखं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. आम्ही ठाण्यातच राहतो, आम्हाला कुठे पाठवणार? तर मी आठ महिने घालवले, केवळ दाखवू या की नको यात.

(दृश्य: दवाखान्याची पायरी. दारातल्या चपला. चेहरे नाहीत.)

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? घोरता का. झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलंय का. थायरॉइड तपासलंय का. मन उदास असतं का, जगणं नकोसं वाटतं का. ही सगळी कारणं आधी बाजूला काढायची असतात, कारण त्यांचे उपचार निराळे. मग म्हणाल्या, आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, आणि असं तीन महिने चाललं तर आम्ही त्याला जुना निद्रानाश म्हणतो. तुमचं किती दिवस? मी म्हटलं, चार वर्षं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मला उगाच वाटलं होतं की त्या दचकतील.

मग त्यांनी एका कागदावर तीन गोल काढले. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडलेली गोष्ट. काही माणसांची झोप मुळातच सावध असते, हा पहिला गोल. मग एखादं निमित्त घडतं, हा दुसरा. आणि तिसरा गोल, झोप परत यावी म्हणून माणूस जे जे करतो ते. "तुमचं निमित्त बाबांबरोबर गेलं," त्या म्हणाल्या. "आता निद्रानाश चालतोय तो या तिसऱ्यावर." त्या गोलात त्यांनी माझ्याच तोंडून ऐकून लिहिलं होतं: साडेनऊला पडणं, रविवारी लोळणं, दुपारी डोळा लावणं, संध्याकाळी सहाचा चहा, रात्री घड्याळ बघणं.

म्हणजे मी जे औषध म्हणून करत होते, तोच आजार होता. त्या कागदाकडे बघून मला रडू आलं आणि थोडं हसूही.

(दृश्य: वाशी, कांदा-बटाटा बाजार. भर दुपार. गोण्यांच्या थप्पीवर झोपलेला माथाडी कामगार. शेजारून हातगाडी जाते.)

हे दृश्य मी दुसऱ्या एका कामासाठी वाशीच्या बाजार समितीत टिपलं होतं. रात्रभर ट्रक खाली करून हा माणूस दुपारी बाराला गोणीवर आडवा झालाय. शेजारी लिलाव, हॉर्न, शिव्या. तो हलत नाही. त्याची झोप आदर्श वगैरे मुळीच नाही. शरीराचं घड्याळ उलटं फिरवून तो पोट भरतोय, त्याची किंमत शरीर कधीतरी वसूल करतं. पण मला हेवा वाटला होता.

डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्याच्याकडे जे आहे ते तुम्ही रोज उधळून टाकता. माणूस जागा असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, आणि त्याबरोबर झोपेचा दाब वाढतो. झोपलं की तो उतरतो. दुपारी तासभर डोळा लावला की रात्रीच्या भुकेआधी वडापाव खाल्ल्यासारखं. चहा-कॉफी त्या ॲडेनोसिनची जागा अडवते, दाब असतो पण कळत नाही. आणि कॅफिन अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला माझ्या अंगात जागं होतं.

दाबाबरोबर दुसरं असतं ते घड्याळ, शरीराच्या आतलं. ते उजेडावर आणि उठायच्या वेळेवर लागतं. म्हणून उठायची वेळ एकच, रविवारी, दिवाळीत, रात्र कशीही गेली तरी. सहा म्हणजे सहा.

(दृश्य: शाळेची दोनशे पानी वही. पेन्सिलीने आखलेले रकाने.)

दोन आठवडे नुसती वही लिहायची होती. किती वाजता पडले, अंदाजे किती झोपले, कितीला उठले. अंदाजे हा शब्द महत्त्वाचा, कारण भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच दिवशी खाली उतरवायला लावलं. आत्ता पावणेतीन वाजलेत हे मला, ज्याने हे टिपतेय त्या कॅमेऱ्यामुळे कळलं; एरवी मला बंदी आहे. सरासरी काढली तेव्हा रात्रीला अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच. मला वाटत होतं मी दोन तासच झोपते. बऱ्याच निद्रानाशी माणसांचा हिशेब असाच चुकतो, म्हणे.

मग त्यांनी निर्णय सांगितला. साडेपाच तासच झोपताय ना? मग अंथरुणात साडेपाच तासच. रात्री साडेबारा ते सकाळी सहा. त्याआधी पाठ टेकायची नाही.

झोप येत नाही म्हणून गेले होते, आणि ही बाई मला आणखी जागवत होती.

फिट येणाऱ्यांनी, मन टोकाचं वरखाली होण्याचा आजार असणाऱ्यांनी, रात्रभर गाडी चालवणाऱ्यांनी हे आपलं आपण करायचं नाही. मीही एकटीने केलं नाही. गोळीसुद्धा एकदम बंद केली नाही. ती आधी पाऊण, मग अर्धी, मग चतकोर, अशी काही महिन्यांत त्यांच्या देखरेखीखाली सुटली. पण वही, ठरलेल्या वेळा, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणं, या सगळ्या पद्धतीला (इंग्रजीत सीबीटी-आय) जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत गोळीच्या आधीचं स्थान आहे. अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे चिठ्ठीवर गोळीच आधी येते. गोळी लिहायला दोन मिनिटं लागतात, ही वही समजवायला पाऊण तास.

(दृश्य: रात्रीची मासुंदा तलावाची कड. दिवे पाण्यात.)

पहिला आठवडा साडेबारापर्यंत जागं राहणं ही शिक्षा होती. नवरा बिचारा साडेदहाला मला तलावपाळीला फिरवून आणायचा, परत आलो की स्वतः झोपायचा. मी खुर्चीत बसून इस्त्रीच्या घड्या करायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला झोप येत होती आणि झोपायची परवानगी नव्हती! दहाव्या दिवशी मामेभावाकडे सत्यनारायण होता. साधुवाण्याची नौका बुडाली इथपर्यंत मला आठवतं. नंतर एकदम आरती. मावशी म्हणाली, "काय तल्लीन झाली होतीस गं!"

पण त्याच आठवड्यात एका रात्री साडेबाराला पडले आणि पुढची आठवण म्हणजे गजर. मधलं काहीच नाही. वॉचमन नाही, कुत्री नाही, क्रेट नाहीत. मी नवऱ्याला हलवून विचारलं, काल रात्री पाऊस पडला का? तो म्हणाला, धो धो.

पडलेल्यातला बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. एखादा आठवडा बिघडतो, मग वाढ नाही. रेशनच म्हणा. साडेबाराचे सव्वाअकरा व्हायला मला तीन महिने लागले.

आणि मधेच जाग येतेच. सगळ्यांना येते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, नंतर ती विरळ होत जाते. चांगली झोपणारी माणसंही उठतात, कूस बदलतात, विसरतात. मला जाग आली की मी विचारांचा दरबार भरवायचे. आता दरबार भरतोय असं वाटलं की गादी सोडायची. गादीवर फक्त झोप. चिंता करायची तर स्वयंपाकघरात, ताटली घेऊन.

(दृश्य: फ्रीजचं दार. काचेचा डबा, सोललेल्या लसणाने भरलेला.)

सुरुवातीला हा डबा रोज भरायचा. शेजारच्या काकूंना दिला, ऑफिसात नेला, चटणी केली, परत चटणी केली. नवरा सकाळी चहा ठेवताना फ्रीज उघडून बघायचा आणि रात्र कशी गेली ते न विचारता त्याला कळायचं. "आज अर्धाच का?" म्हणायचा. नंतर नंतर चार-पाच पाकळ्याच. आजच्यासारखी एखादी रात्र महिन्यातून एक-दोनदा येते. आज का आली, माहीत नाही. कदाचित तुम्हाला दाखवायचं होतं म्हणून.

(दृश्य: त्याच ओट्यावर ऊन. कुकरची शिट्टी. दाराबाहेर चपलांचा ढीग.)

परवा अचानक नणंदेकडचे सहा जण जेवायला आले. आमटीला फोडणी टाकायची म्हणून फ्रीज उघडला, तर डबा रिकामा. धुऊन पालथा घातलेला. किती दिवस झाले होते, कोण जाणे. "अहो, लसूण नाहीये," मी हाक मारली, आणि गड्डी घेऊन सोलायला बसले. दुपारी बारा वाजता.