मीटर पडला!

(दृश्य: न्हावा शेवा बंदर, रात्रीचे अकरा. क्रेनला लटकलेला चाळीस फुटी कंटेनर खाली टेकतो.)

कंटेनर उतरला आणि मीटर पडला. एक नाही, दोन. पहिला बंदराचा, म्हणजे ग्राउंड रेंट, जागेचं भाडं. माल गेटबाहेर पडला की तो थांबतो. दुसरा शिपिंग लाइनचा (जहाज कंपनीचा), डिटेन्शनचा, म्हणजे तिचा कंटेनर ठेवून घेतल्याच्या भाड्याचा. तो मात्र रिकामा कंटेनर लाइनने नेमून दिलेल्या यार्डात परत जाईपर्यंत चालूच. नवखे आयातदार फसतात ते इथेच: माल गोदामात आला, सुटलो एकदाचे!

समजा, डिटेन्शनला पाच बिनभाड्याच्या दिवसांची सूट आहे आणि कंटेनर गुरुवारी रात्री अकराला उतरला. लाइन उतरल्याचा दिवस धरत असेल, तर उरलेल्या एका तासात पहिला दिवस संपला. रविवारही बहुधा मोजलाच जातो. सोमवारी सूट संपली. मोजणी कुठून सुरू होते, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्यावं. सूट वाढवून मागायची तीही तेव्हाच. जहाज लागल्यावर कोण ऐकतो?

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, म्हणजे थेट बंदरातूनच कंटेनर उचलायची सोय, घेतली असेल, तर हातात 48 तास. त्यानंतर कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवायच्या जागी) हलतो आणि तिथलं बिल वेगळं.

(दृश्य: सीएचएचं, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटचं ऑफिस. टेबलावर बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर घेतल्याची लाइनची पावती.)

उशीर ट्रेलरमुळे कमी, कागदांमुळे जास्त होतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे नोंद, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. बरेचदा कस्टम्सचं आऊट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी) मिळतं, पण मूळ बीएल बँकेत किंवा कुरिअरमध्ये अडकलेलं. त्याशिवाय लाइन डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल ताब्यात द्यायचा आदेश) देत नाही. पुरवठादार भरवशाचा असेल आणि पैशांचा व्यवहार मिटला असेल, तर माल निघतानाच बीएल सरेंडर करून घ्यावं, म्हणजे पुरवठादाराने मूळ बीएल तिकडेच लाइनला परत द्यावं; इथे ते दाखवावं लागत नाही.

बीएलचा मसुदा आला की कंटेनर नंबर एकेक अक्षर ताडून पाहा. चार अक्षरं, सात आकडे. इथली चूक आयजीएममध्ये (जहाजावरच्या मालाच्या कस्टम्सला दिलेल्या यादीत) उतरली, तर दुरुस्तीत दिवस जातात.

(दृश्य: एम्प्टी यार्ड. ट्रेलरची रांग.)

गाडी सोडण्याआधी यार्ड तेच आहे ना, विचारून घ्या. लाइन ऐनवेळी बदलते. आत खिळे, दोऱ्या, लाकडाचे तुकडे राहिले तर साफसफाईचा खर्च माथी. गेटवर मिळणारी पावती जपून ठेवा. डिटेन्शनच्या बिलावर वाद झाला, तर त्यावरची तारीख आणि वेळच कामाला येते.