दिवसभर वाकूनच राहणाऱ्या कमरेसाठी योगा

कापूस वेचायचा म्हणजे कमरेला ओटी बांधायची, अर्धं वाकायचं अन् झाडामागून झाड सरकत जायचं, मजुरी किलोवर असते त्यामुळे मधात सरळ उभं राहून आळस द्यायला कोणाला फुरसत नाही, अन् ओटी भरत जाते तसा तिचा भारही कमरेवरच. रात्री कंबर धरते. गोळी, बाम, सकाळी परत वावर.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात समाजमंदिरात योगा शिकवणाऱ्या ताई आधी आसन सांगतच नाहीत, विचारपूस करतात. "काकू, वाकल्यावर दुखते का उठल्यावर?"

"दिवसभर वाकूनच रायतो ना वं बाई, आता अजून काय वाकवतं?"

काकूंचं बरोबरच आहे. टीव्हीवर पाहून पश्चिमोत्तानासन करायला गेलं तर जो मणका दिवसभर पुढं वाकला त्यालाच पुन्हा पुढं वाकवणं झालं. म्हणून ताई त्यांना पालथं झोपवतात. कोपरं जमिनीला टेकलेली, श्वास घेत छाती जराशीच वर, सोडत खाली. भुजंगासन, पण अर्धंच. मग उताणं पडून पोटऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायच्या अन् नुसतं पडून राहायचं, आता याला काय योगा म्हणायचं असं बाकीच्या बायांना वाटते, पण आखडलेली कंबर सैल पडते ती यातच. वावरातही ओटी रिकामी करायला गेलं की दोन्ही हात कमरेवर ठेवून थोडं मागं वाकायचं, एवढं सांगून ठेवलंय.

शेजारच्या काकूंना बीपी आहे. त्यांना डोकं खाली जाईल असं काही नाही, श्वास रोखणं नाही, जोरातली कपालभाती तर नाहीच. फक्त संथ श्वास, घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला. अन् डॉक्टरची गोळी चालूच.

योगाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे तपासायला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था काढली, अन् माणूस पाहून आसन ठरवायचं यावर योगगुरू टी. कृष्णमाचार्यांचा जोर होता. 21 जूनला योग दिनी मैदानात सगळे एकच आसन करतात, फोटो छान येतो, पण आपल्याकडं तेव्हा पेरणीची घाई, वावर सोडून येणार कोण!

एका बाईच्या पायात मुंग्या उतरत होत्या, अंगठा बधिर. ताईंनी तिला सतरंजीवर बसूच दिलं नाही, आधी दवाखान्यात पाठवलं.