फरशी ओली करून बघा

लादीच्या दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न भावाचा असतो आणि दुसरा रंगाचा. दुकानदार लादीवर अंगठा घासून दाखवतो, "अँटीस्किड आहे, साहेब." लादी कोरडी, अंगठाही कोरडा. कोरड्या आणि स्वच्छ फरशीवर सहसा कुणी घसरत नाही, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवरसुद्धा नाही. त्यामुळे त्या अंगठ्यावरून तुमच्या भट्टीखान्याबद्दल काहीही कळत नाही.

आज समोर डेअरीवाले आहेत, फरसाणवाले आहेत, बेकरीवाले आहेत, म्हणून मी तुमच्याच जागांबद्दल बोलतो. तुमच्याकडे फरशीवर काय सांडतं, ती कोण धुतं आणि कशानं धुतं, हे आधी कागदावर लिहा. लादीचं कॅटलॉग त्यानंतर उघडा. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

पाय घसरतो तो टाच टेकण्याच्या क्षणी. टाच आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर अडकतो. तो बाजूला सरकायला वेळ मिळाला नाही तर टाच फरशीला लागतच नाही, त्या थरावरूनच पुढे निघून जाते. फरशीवरचे बारीक उंचवटे हा थर फोडून तळव्यापर्यंत पोहोचले, तरच पाय धरतो. मग उंचवटे किती उंच हवेत? ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. नुसतं पाणी सांडत असेल तर खडबडीतपणा निदान 20 मायक्रॉन, दूध किंवा साबणाचं पाणी असेल तर 45, आणि खाद्यतेल असेल तर 70. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. द्रव जितका दाट, तितका खरखरीत पृष्ठभाग लागतो. म्हणजे कार्यालयाच्या व्हरांड्यात पावसाळाभर चांगली चाललेली लादी शेव तळायच्या कढईपाशी निरुपयोगी ठरू शकते, आणि त्यात लादीचा काही दोष नसतो.

आता त्या 'अँटीस्किड' शिक्क्याकडे येऊ. चांगल्या कंपनीच्या पेटीवर किंवा तपासणी अहवालात आर 9, आर 10 असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही मुळात जर्मन पद्धत आहे, डिन 51130 या मानकातून आलेली. लाद्या बसवलेल्या फळीवर इंजिन ऑइल ओततात, ठरावीक नक्षीच्या तळाचे सुरक्षा बूट घातलेला माणूस त्यावर पुढे-मागे चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. तो किती अंशांवर घसरला त्यावरून वर्ग ठरतो. 6 ते 10 अंशांत घसरला तर आर 9, 19 अंशांपर्यंत टिकला तर आर 10, 27 पर्यंत आर 11, 35 पर्यंत आर 12, आणि त्याच्यापुढे आर 13. इथं गंमत अशी, की ही पट्टी सुरूच नवापासून होते. आर 9 हा सगळ्यांत खालचा वर्ग. एक ते तेरामधला नववा म्हणजे बराच वरचा, असं समजून तो विकलाही जातो आणि घेतलाही जातो. जर्मनीत मोठ्या स्वयंपाकघरांना आणि दूध प्रक्रियेला आर 12 सुचवतात. मासळी प्रक्रियेला आर 13, आणि त्यासोबत व्ही 10. व्ही म्हणजे उंचवट्यांच्या मधली मोकळी जागा, जिच्यात चरबी आणि खवले पायाखालून सरकून उतरतात.

पण मोजणारा माणूस बूट घालून चालला, हे विसरू नका. आपल्याकडे फरसाणच्या कारखान्यात कामगार झिजलेल्या स्लीपरवर असतात आणि मिठाईच्या खोलीत कित्येकदा अनवाणी. आर 12 लादीवर गुळगुळीत तळाची स्लीपर आली की तो आकडा तुमच्या कामाचा राहत नाही. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्याची. तिचे वर्ग ए, बी आणि सी, त्यांतला सी सर्वांत चांगला. मला विचाराल तर फरशीवर चौरस फुटाला पन्नास रुपये वाढवण्याआधी कामगारांना चांगल्या तळाचे गमबूट द्या आणि तळ झिजला की बदला. यात मालक हात आखडता का घेतात, ते मला आजवर समजलेलं नाही.

बसवलेली फरशी मोजायची असेल तर पेंड्युलम यंत्र येतं. रबराचा तुकडा लावलेला हात ओल्या फरशीला घासून जातो आणि आकडा दाखवतो. 36 किंवा जास्त आला तर धोका कमी, 25 ते 35 मध्यम, 24 आणि खाली असेल तर त्या जागी माणसं पडणारच. हे मोजमाप नवी फरशी घातल्यावर एकदा आणि वर्षभर वापरल्यावर पुन्हा करून घ्या. दुसरा आकडा जवळजवळ नेहमी कमी येतो. पाटा झिजला की आपण टाकी लावून घेतो ना, तसंच आहे. झीज होणारच, ती कधी दुरुस्त करायची एवढंच आपल्या हातात.

डेअरीचा विषय थोडा सविस्तर घेतो, कारण तिथं फरशी सर्वांत लवकर खराब होते. सांडलेलं दूध आंबतं, त्यातलं लॅक्टिक आम्ल सिमेंट खातं. कोटा असो की शहाबादी, हे चुनखडीचे दगड; आम्लानं तेही खाल्ले जातात आणि सांधे आधी उघडे पडतात. म्हणून लोक इपॉक्सीकडे, म्हणजे राळेच्या गुळगुळीत थराकडे वळतात. इपॉक्सी सुंदर दिसतं, पण रोज गरम पाण्यानं धुतलं की ते खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त फुगतं आणि आकसतं, काही महिन्यांत फुगे धरून सुटतं. सुटलेल्या पापुद्र्याखाली पाणी आणि ताक साचतं. अशा जागी पीयू काँक्रीट, म्हणजे पॉलियुरेथेन राळ मिसळलेलं सिमेंट, घाला. त्याचं फुगणं-आकसणं काँक्रीटच्या जवळपास असतं आणि त्यात वाळूचा जाडसर दाणा घालता येतो. दाणा किती जाड हवा हे ठेकेदारावर सोडू नका. कामाच्या सर्वांत घाण कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा नमुना टाकून घ्या, महिनाभर वापरा आणि मुख्य म्हणजे धुणाऱ्या बाईंना विचारा. "ताई, फडकं अडकतं का? मळ निघतो का?" फडकं अडकतं किंवा मळ निघत नाही असं त्या म्हणाल्या तर दाणा बारीक करा, नाहीतर धुण्याची पद्धत बदला.

धुण्याबद्दल बोलायचं तर बहुतेक ठिकाणी घसरडेपणा धुण्यातूनच येतो. तेलकट फरशीवर ओला मॉप फिरवला की तेल जात नाही, कढईभोवतालचं तेल दारापर्यंत पोहोचतं. साबण जास्त टाकून पाणी कमी मारलं की साबणाचाच थर वाळून बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब पडला की जागा होतो. खरखरीत फरशीला मॉप नको, कडक केसांचा ब्रश हवा. सांडलेलं आधी कोरडंच खरवडून उचला. मग तेल तोडणारं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापात, कोमट पाण्यातून टाका आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. हीच मिनिटं सगळीकडे वाचवली जातात. नंतर घासा, भरपूर पाण्यानं काढा, वायपरनं नाल्याकडे ओढा. तळणीच्या भागाचा ब्रश तिथंच ठेवा. आणि संडास धुवायचं ॲसिड या फरशीवर आणू नका. मळ निघतो तसे सांधेही निघतात.

कामाच्या वेळेत पाणी मारायचंच असेल तर अर्धी वाट कोरडी ठेवा. 'फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी बारा महिने एकाच जागी उभी असली की ती कुणी वाचत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्ये फरशी, पायऱ्या आणि ये-जा करायच्या वाटा घसरायला लावणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवा असं सरळ लिहिलं होतं. पाटी लावा असं तिथं म्हटलेलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा उताराचा. मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार नाल्याकडे हवा. उतार नसेल तर सर्वांत महाग फरशीवरही डबकी राहतात. हा उतार खालच्या काँक्रीटमध्येच द्यावा लागतो, वरच्या सहा-नऊ मिलिमीटरच्या थरात तो भरून काढता येत नाही. म्हणून पीयूवाला यायच्या आधी काँक्रीटवर चार बादल्या पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, जिथं साचेल तिथं खडूनं गोल काढा आणि तेवढा भाग गवंड्याकडून दुरुस्त करून घ्या. त्याचं बिल तोवर द्यायचं नाही.